टेक्स्ट ब्राउझर : ऑपरेटिंग सिस्टिममधील समावेश

वेबपानातील चित्रे, मांडणी व जावास्क्रिप्ट वगळून फक्त मजकूर आणि दुवे टर्मिनलवर दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे टेक्स्ट ब्राउझर. युनिक्स वळणाच्या काही ऑपरेटिंग सिस्टिमांच्या मूळ संचात तो दिला जातो, तो मुख्यतः माहितीपुस्तिका वाचण्यासाठी. युनिक्सची जुनी मॅन पाने (टर्मिनलवरच वाचायची मदतपाने) वाचायला ब्राउझर लागत नाही. परंतु १९९०च्या दशकात हँडबुके आणि हाउ-टू एचटीएमएलमध्ये निघू लागली. ग्राफिक्स कार्ड ओळखलेच गेले नाही, तर त्यावरचा उपाय सांगणारे पान उघडायला ग्राफिकल ब्राउझर उपयोगाचा नाही.

या प्रकारातील सर्वांत परिचित ब्राउझर लिंक्स. १९९२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी तो विद्यापीठातील माहिती वाचण्यासाठी तयार केला. १९९३ मध्ये तो इंटरनेटशी जोडला गेला. वर-खालच्या बाणांनी दुवा निवडायचा, उजव्या बाणाने उघडायचा, डाव्याने परतायचे. माउसची गरज नाही. डिस्कवरची फाइलही तो तशीच उघडतो, त्यामुळे नेटवर्क नसले तरी अडत नाही.

युनिक्स वळणाच्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २.३ (मे १९९८) ते ५.५ (मे २०१४) या आवृत्त्यांत लिंक्स मूळ संचात ठेवला. जुलै २०१४ मध्ये तो काढला गेला आणि पोर्ट्समधून (मूळ संचाबाहेरच्या प्रोग्रॅमांच्या संग्रहातून) स्वतंत्रपणे घेता येईल, अशी सोय राहिली. मूळ संचातील प्रत्येक ओळ तपासण्याची जबाबदारी या प्रकल्पात विकासकांवर येते. ब्राउझर मात्र अनोळखी सर्व्हरवरून येणारा मजकूर वाचतो. शिवाय लिंक्समध्ये गोफर, एफटीपी, न्यूज अशा जुन्या प्रोटोकॉलांचे कोडही होते. ओपनबीएसडीचा मुख्य भर मॅन पानांवर असल्याने तिथे हा निर्णय पटण्यासारखा आहे. ज्यांची हँडबुके वेबवर आहेत, त्यांना तो तितकासा परवडत नाही.

जेंटू लिनक्स हे त्याचे उदाहरण. त्याच्या इन्स्टॉलेशन सीडीवर मिकुलाश पातोच्का यांचा, नावाचा उच्चार जवळपास तोच असलेला पण निराळा ‘लिंक्स’ (१९९९) मिळतो. काम एका कन्सोलवर चालू ठेवून ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचे व तिथे हँडबुक उघडायचे, असे खुद्द हँडबुकच सांगते. त्याआधी साधे युजर खाते काढण्याची सूचना असते, कारण रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने वेबवर हिंडणे धोक्याचे. स्क्रीन रीडर किंवा ब्रेल पट्टी वापरणाऱ्या अंध वाचकांनाही ही सरळ मजकुराची रीत सोयीची पडते.

देवनागरीची मात्र इथे गैरसोय होते. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्यात नाही. एमएलटर्मसारखे टर्मिनल भारतीय लिप्या हाताळते, पण त्याला सहसा ग्राफिकल पडदा लागतो.