सॉलिड स्टेटमध्ये विलीनीकरण

स्थलांतराचं कौतुक मराठवाड्याच्या माणसाला कोणी सांगू नये. आमच्याकडे माणूस जागचा न हलता स्थलांतर करतो. माझे वडील परभणीत जन्मले ते निजामाच्या हैदराबाद स्टेटमध्ये. सप्टेंबर १९४८ मध्ये स्टेट भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला परभणी मुंबई राज्यात गेली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आली. इतकी राज्यं फिरून झाली, पण वडिलांनी ओसरी सोडली नाही. 'स्टेट' हा शब्दही शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा जेव्हा म्हणाला, "काका, तुमची सिस्टीम सॉलिड स्टेटवर टाकू," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी पोलीस ॲक्शन उभी राहिली.

तक्रार साधी होती. सकाळी कॉम्प्युटर सुरू करून मी आंघोळीला जात असे आणि देवपूजा आटोपून येईपर्यंत तो 'स्वागत आहे'पाशीच असे. पोराने जुनी पाचशे जीबीची हार्ड डिस्क काढून त्या जागी दोनशे चाळीसची एसएसडी घालायचं ठरवलं. पाचशेच्या वाड्यातून दोनशे चाळीसच्या खोलीत! मी कुरकुरलो. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घ्यायलाव काका? तुमचं सामान तरी असून असून किती?"

हा प्रश्न इतिहासात फार कमी लोकांनी विचारला आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून आमच्या दौलताबादेला आणली. डोंगराएवढ्या दिल्लीची सिस्टीम एका किल्ल्याच्या गावात! पण राजधानीला लागतं काय आणि दिल्लीत आहे काय, याची यादी त्याने केली नाही. अमीर-उमराव, मौलवी, त्यांची बायकापोरं असा सगळा लवाजमा निघाला, आणि काही वर्षांनी परत दिल्लीला गेला. याउलट निजाम अलीने १७६३ मध्ये राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली, आणि औरंगाबाद आपल्या जागी राहिलं. आमचा पोरगा इतिहासाला नापास झाला असेल, पण होता निजाम अलीच्या पक्षाचा.

डिस्कचा इतिहासही परभणीला समांतर आहे. परभणी मुंबई राज्यात गेली त्याच १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज त्यात लग्नातला एक फोटो जेमतेम बसेल. तत्त्व आजही तेच. तबकडी फिरते आणि वाचणारा काटा हवं ते शोधत मागेपुढे पळतो. माझ्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत होती. तरीही उशीर का? कारण फाइल रेकॉर्डरूमच्या दहा कोपऱ्यांत ठेवलेली, आणि शिपाई एकच.

१९८४ मध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. त्यात तबकडी नाही, काटा नाही. विजेचा भार कप्प्या-कप्प्यात कोंडून ठेवायचा आणि लागेल तेव्हा तो आहे की नाही ते पाहायचं. सगळी नोंद एका झटक्यात पुसली जाते हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. पुसण्यावरून नाव पडलेली वस्तू आपण जपणुकीसाठी विकत घेतो!

पोराने सामान मोजलं. तीनशे दहा जीबी. नव्या डिस्कवर छापलेलं २४०, पण विंडोजला दिसतात २२३. कारखानदार हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ ने. मोंढ्यात माल घालणाऱ्याला मापातला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवाय नवी डिस्क काठोकाठ भरली की मंदावते, म्हणजे थोडी मोकळी जागा हवीच.

मग पंचनामा झाला. विंडोज आणि प्रोग्राम मिळून साठ जीबी. बाकी काय? फुलांच्या परडीवर 'शुभ सकाळ' लिहिलेली हजारो चित्रं, पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ चार वेळा. "एक तरी ठेवा," ही म्हणाली. आणि एका कोपऱ्यात 'जमीन' नावाचं चिमुकलं फोल्डर. गंगाखेडजवळच्या आमच्या साडेचार एकरांचे स्कॅन केलेले कागद: १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल आणि त्याआधीचे दोन उर्दू कागद, त्यांवर आजोबांची मोडीतली सही. मूळ कागदांचं वाळवीने ट्रंकेतच विलीनीकरण केलेलं होतं.

पोरगा उत्साहाने म्हणाला, "करू का सुरू? बनी तो बनी, नहीं तो परभनी!" मी त्याचा हात धरला. म्हण स्टेशनवर ठीक आहे, सातबाऱ्याला नाही. आधी 'जमीन' पेनड्राइव्हवर आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवली, एकेक कागद उघडून आजोबांची सही दिसते का पाहिलं. मग फोटो-व्हिडिओ त्याच बाहेरच्या डिस्कवर रवाना केले.

आता पार्टिशन लहान करायचं. यात आमचा जिल्हा अनुभवी. १९८१ मध्ये परतूर जालन्याला गेलं, १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली आणि औंढ्याचा नागनाथही तिकडे गेला. नऊ तालुके उरले, पण कलेक्टर कचेरी एक दिवस बंद पडली नाही. कॉम्प्युटरचं मात्र अडलं. ऐंशी जीबी भरलेले, तरी पार्टिशन तीनशेच्या खाली येईना. झोपेची फाइल, पेज फाइल, जुने रिस्टोर पॉइंट असे बदलीला न जुमानणारे काही अधिकारी भर मध्यावर ठाण मांडून होते. त्यांना तात्पुरतं निलंबित केलं, तेव्हा हद्द सरकली.

"शंभर एमबीची ही छोटी पण घ्यावी लागते," पोरगा म्हणाला. ती बूटची पार्टिशन. दिसायला तलाठ्याएवढी, पण तिच्या सहीशिवाय कारभार सुरू होत नाही. मग नक्कल झाली, जुनी डिस्क काढून ठेवली आणि बटण दाबलं. वीस सेकंदांत हजर! माझा टॉवेलसुद्धा दोरीवरून काढून झाला नव्हता.

"आता जुनी मोडीत द्या," ही म्हणाली. दिली नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर कप्प्यातला भार गळू शकतो. म्हणून जुनी डिस्क कपाटात आहे आणि 'जमीन' तिच्यातही आहे. शेजारचे गृहस्थ विचारतात, एवढ्या प्रती कशाला? त्यांना कोण सांगणार! आमच्या साडेचार एकरांनी चार राज्यं पाहिली आहेत, आणि दर वेळी नव्या साहेबाने एकच प्रश्न विचारला आहे: "कागद आणलेत का?"