कुकुडकोंब्याचे सोयरे

मिठबावच्या हापूसच्या कलमांतून ‘कूप-कूप’ असा घुमारा येतो आणि जाणती माणसं म्हणतात, कुकुडकोंबा बोलला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी पुस्तकात ‘भारद्वाज’ होतो. गंमत म्हणजे संस्कृत कोशात भारद्वाज हा चंडोल! ऋषींचं नाव मधेच कुठे घर बदलून बसलं.

कुकुडकोंब्याचं तसं नाही. त्याच्या नावात त्याचा आवाजच आहे. हा कोकिळेच्या कुळातला, आणि या कुळाची नावं जगभर अशीच: संस्कृत ‘कोकिल’, लॅटिन ‘कुकुलुस’, रशियन ‘कुकुश्का’, पोलिश ‘कुकुउका’. ध्वनी एकच, नशीब मात्र वेगळं. स्लाव लोकांना त्या हाकेत गाण्यापेक्षा विलाप ऐकू आला. सर्बियनमध्ये ‘कुकाती’ म्हणजे आक्रोश करणं आणि ‘कुकावित्सा’ म्हणजे कोकिळा, दुर्दैवी बाई आणि भित्रा माणूसही. रशियात तर तिच्या हाका मोजून उरलेलं आयुष्य सांगतात.

आपण लता मंगेशकरांना गानकोकिळा म्हटलं. गातो खरा नर, पण मान मादीला. माझी तक्रार नाही. कुकुडकोंब्याला असा किताब कुणी दिला नाही. त्याचं नुसतं दर्शन शुभ मानतात, आणि शहरातून आलेला पाहुणा मोबाइल काढत ‘भारद्वाज, भारद्वाज’ करतो.