खानदेशाने आधी बोलली, मग छापली

दिवाळीचा फराळ आणि दिवाळीचा अंक यांची सांगड मराठी घरात इतकी जुनी झाली आहे की, ती कोणी तरी एके दिवशी घातली असेल हे आपल्या ध्यानीही येत नाही. ती घातली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी. १८९५ साली त्यांनी ‘मासिक मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. तेव्हापासून सणाच्या चार दिवसांत कोणती नवी पुस्तके आली, त्यांतली कोणती घ्यावी आणि कोणती शेजाऱ्याकडून मागून वाचावी, याची चर्चा घरोघर चालत आली आहे.

या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शेकडो नवी पुस्तके निघतात, त्यांतली थोडीच वाचकांच्या मनात घर करतात. ती का करतात? कोणी म्हणेल विषय चांगला म्हणून, कोणी म्हणेल भाषा गोड म्हणून. माझ्यापुरते उत्तर मला खानदेशाच्या फडताळात सापडले. कादंबरी, कविता, गोष्टी, प्रवचने असे निरनिराळ्या जातींचे ग्रंथ तिथे शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्यात एक साम्य आहे आणि ते साम्य ध्यानी आले की, नकाशाच्या अगदी कडेला असलेल्या अक्कलकुव्याची आठवण आपोआप होते. ती कशी, ते सांगतो.

आरंभ कवितेपासून करू. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक कोवळा मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. १८९० चा त्याचा जन्म. म्हणजे वय सोळा-सतराचे. त्या संमेलनाने त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि महाराष्ट्र आजही त्याला त्याच नावाने ओळखतो. लोकांनी त्याला आधी ऐकले. पुस्तकरूपाने त्याची कविता वाचणारे पुष्कळ पुढे आले. १९१८ साली जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता.

दुसरा ग्रंथ धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ साली सत्याग्रहाच्या चळवळीत विनोबा भावे तिथे बंदिवान होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. समोर बसलेल्यांत विद्वान थोडे आणि साधी माणसे फार. त्या श्रोत्यांतच साने गुरुजी होते आणि विनोबांचा शब्द न् शब्द ते टिपून घेत होते. अठरा अध्याय झाले, अठरा रविवार झाले आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. गीतेवर भाष्ये काय कमी आहेत? तरी ज्या घरात दुसरे एकही भाष्य नाही त्या घरातही हे पुस्तक असते. समोर बसलेल्या माणसाला कळले पाहिजे, या काळजीने त्यातले प्रत्येक वाक्य उच्चारलेले आहे आणि वाचणाराला ती काळजी जाणवते.

टिपून घेणाऱ्या गुरुजींचे स्वतःचे पुस्तक पुढच्याच वर्षीचे. अमळनेरच्या शाळेत त्यांनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे मुले शिकवली होती आणि वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणेसुद्धा आवरली होती. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तकाची मांडणीच सांगण्याची आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम सांगतो आणि मंडळी ऐकतात. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परंतु चित्रपट नसता तरी पुस्तक राहिलेच असते. आईने पोराला मारले आणि मग स्वतःच रडली, हे कोणत्या घरात घडलेले नाही? वाचणारा त्यात गुरुजींची आई पाहत पाहत आपली आई पाहू लागतो.

चौथे पुस्तक तर अक्षरओळख नसलेल्या बाईचे. जळगावजवळच्या असोद्याची लेक आणि जळगावच्या चौधऱ्यांची सून बहिणाबाई जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या रचीत असे. ऐन तिशीत वैधव्य आले, पोरे लहान, शेतीचा पसारा अंगावर. तरी गाणे थांबले नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी त्यांतले जमेल तेवढे कागदावर उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यातले निम्मे शब्द नवे होते, पण तो अडला नाही. त्याला कोशाची गरज लागली नाही, कारण पेरणी, सासर, माहेर आणि मरण त्याच्याही घरी होतेच. नुकसान किती झाले असेल, याचा मात्र विचार करावा. जेवढे टिपले तेवढे आपले झाले. जात्याबरोबर विरून गेले त्याची मोजदाद कोण करणार?

पाचवे पुस्तक कादंबरी आहे. १९६३ साली भालचंद्र नेमाडे या पंचविशीतल्या तरुणाची ‘कोसला’ आली. खानदेशातल्या सांगवीचा हा तरुण. त्याचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकायला जातो आणि हरवल्यासारखा गावी परत येतो. ही कादंबरी कोणी सांगितलेली आणि दुसऱ्याने टिपलेली नाही हे खरे. पण ती ज्या भाषेत चालते ती कट्ट्यावरच्या गप्पांची भाषा आहे. तोवर कादंबरीतली माणसे पुस्तकी मराठीत विचार करीत. पांडुरंग जसा बोलतो तसाच विचार करतो. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या कित्येक पिढ्यांच्या पोरांनी हे पुस्तक आपलेच म्हणून वाचले. पुढे २०१४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक नेमाड्यांना मिळाले.

पाच पुस्तके, पाच जाती. कविता, प्रवचन, गोष्ट, ओवी, कादंबरी. साम्य कोणते ते वाचकांनी ओळखलेच असेल. यांतले प्रत्येक पुस्तक आधी बोलले गेले, निदान बोलल्यासारखे लिहिले गेले. ऐकणारे कोणी समोर होते. खानदेशाने आधी कानाला दिले आणि मग डोळ्यांना दिले.

आता अक्कलकुव्याकडे वळू. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर तळोदा मागे टाकले की हे गाव येते आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर गुजरात लागतो. उत्तरेला देवगोईचा घाट चढून गेले की मोलगी, डाब, काठी ही सातपुड्यातली गावे आणि अगदी पलीकडे नर्मदा. पूर्वीचा हा पश्चिम खानदेश, मग धुळे जिल्हा आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा. तालुक्यात बहुसंख्य वस्ती भिल्ल, पावरा अशा आदिवासींची. घरात देहवाली, पावरी अशा बोली, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि गुजराती. १९७९ साली स्थापन झालेल्या मोठ्या मदरशामुळे उर्दू आणि अरबी ग्रंथही इथे वाचले जातात. इतक्या भाषा एका तालुक्यात कानी पडतात!

या मुलखावर पुस्तके नव्हती असे नाही. १८८० साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड निघाला. त्यात काठी वगैरे मेवासी संस्थानिकांची माहिती आहे. १८२५ साली उभारलेल्या खानदेश भिल्ल कोअरची हकीकत सिमकॉक्स या अधिकाऱ्याने १९१२ साली छापली. त्या दोहोंच्या मध्ये, १९०७ साली, ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली बोलींवरचा खंड आला आणि त्यात देहवालीचीही नोंद झाली. या सर्वेक्षणाच्या रीतीचा एक भाग असा की, बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्यावयाची आणि ती प्रत्येक बोलीत सांगवून लिहून घ्यावयाची. तुलनेसाठी ही रीत उपयोगी खरी, आणि ग्रिअर्सनचे उपकार भाषाभ्यासक विसरणार नाहीत. पण पाहा, बोली यांची आणि गोष्ट दुसऱ्याची! यांची स्वतःची गोष्ट त्या रीतीत दुसऱ्या क्रमांकावर आली.

गोष्टी नव्हत्या म्हणावे तर तसेही नाही. याहामोगी, राजा पांठा यांच्या कथा या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या जातात. दुष्काळात लोकांना धान्य देणारी ही माता. तिचे ठाणे सीमेपलीकडे देवमोगरा येथे आणि तिच्या कथेचे धागे अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या डोंगराशी जुळलेले. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले बाबा-बुध्या रात्रभर नाचतात आणि गाणी चालतात. तिथली दिवाळीसुद्धा पंचांगाची वाट पाहत नाही. कित्येक गावे आपापला दिवस ठरवितात आणि एका गावचे पाहुणे दुसऱ्या गावच्या दिवाळीला जातात. ऐकणारांची वाण कधीच नव्हती. वाण होती टिपून घेणाराची.

ती वाण हळूहळू भरू लागली. १९८७ साली वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. शहादा तालुक्यातला हा भिल्ल कवी श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आला. त्यांची एक कविता व्यासपीठाविषयी आहे. आदिवासींची दुःखे व्यासपीठावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांची दुःखे आहेत ते खाली बसून ऐकतात, असा तिचा रोख. गॅझेटियरपासून पुढच्या शंभर वर्षांचा सगळा हिशेब त्या कवितेत आला आहे. बडोद्याच्या ‘भाषा’ या संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक अनेक आदिवासी बोलींतून काढले; त्या बोलींत देहवालीही होती. २०१३ साली गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. एकशे सहा वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाहून याची रीत निराळी होती. बोलीविषयी शक्यतो ती बोलणाऱ्यांनीच लिहावे, आपली गाणी आणि आपल्या गोष्टी द्याव्यात, असे ठरले.

एवढ्याने काम झाले असे मात्र कोणी समजू नये. बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले, विनोबांना साने गुरुजी मिळाले. सातपुड्यातल्या किती आजीबाईंना असा कोणी मिळाला? पहिलीतले पोर शाळेत येते तेव्हा त्याच्या घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची भाषा दुसरी असते. ते मराठी शिकते, शिकलेच पाहिजे; मराठीवाचून त्याचे पुढे अडेल. पण शिकता शिकता आजीची गोष्ट त्याला कमीपणाची वाटू लागते, आणि ते वीस वर्षांचे होते तेव्हा आजी नसते. त्यात तोटा एकट्या त्या पोराचा नाही. बहिणाबाईंची वही पेटीतच राहिली असती तर मराठी किती गरीब राहिली असती, हे ज्याला उमगले त्याला हा तोटाही उमगेल.

ग्रंथ विकत घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी गावोगाव वाचनालये निघावीत म्हणून १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याने कपाटे आली, पुस्तकेही आली. कपाटात काय ठेवावयाचे हे मात्र लिहिणारांनी आणि वाचणारांनीच ठरवायचे असते. अक्कलकुव्याच्या मुलाने कपाट उघडावे आणि त्यात ‘श्यामची आई’च्या शेजारी आपल्या आजीची गोष्ट, आपल्या बोलीत आणि समोरच्या पानावर मराठीत, छापलेली सापडावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

वाचकहो, या दिवाळीत नवी पुस्तके जरूर घ्या. कादंबरी घ्या, कवितासंग्रह घ्या, मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक घ्या. त्याबरोबर एक कोरी वहीही घ्या. तुमचे घर खानदेशात असो, कोकणात असो की कोल्हापुरात. जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एखादी जुनी गोष्ट किंवा ओवी म्हणायला सांगा, आणि घरातल्या शाळकरी मुलाला ती जशीच्या तशी, तिच्या मूळ शब्दांत उतरवून घ्यायला बसवा. शब्द अडला तर तो सुधारू नका, अर्थ विचारा आणि तोही बाजूला लिहा. तारीख घाला, सांगणाराचे नाव घाला. धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी याहून निराळे काही केले नव्हते.