इब्राहिमखान आणि अब्दुल हमीद यांच्या मधले

मुसलमान आणि सैन्य असा विषय निघाला की सभेत दोन नावे हमखास येतात. पहिले इब्राहिमखान गारदी, १७६१ चे पानिपत. दुसरे अब्दुल हमीद, १९६५ च्या सप्टेंबरातले असल उत्तर. एकाकडे पेशव्यांचा तोफखाना, दुसऱ्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची आरसीएल गन. टाळ्या होतात, सभा संपते. दोन्ही माणसे मोठीच. पण मधल्या दोनशे वर्षांत आपले लोक काय करत होते, हे कोणी विचारत नाही. शिवाय अब्दुल हमीद गाझीपूरचे, दख्खनचे नव्हेत.

मी राहतो त्या सदाशिव पेठेला नावच सदाशिवरावभाऊंचे. इब्राहिमखानाच्या तोफांवर भिस्त ठेवून उत्तरेत गेले, तेच भाऊ. भारत इतिहास संशोधक मंडळही इथलेच, १९१० सालचे. या पेठेत पानिपताबद्दल कोणालाही विचारा, तासभर ऐकायला मिळेल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, इथून फार लांबही नाही. पण त्याच्याबद्दल विचारले तर लोक उलट विचारतात, 'का, भरती निघाली का?'

माझा पेशा भाषा शिकवण्याचा, म्हणून आधी शब्दांकडे बघतो. तोफ तुर्कीतून आली, काडतूस पोर्तुगिजांकडून. दारू म्हणजे फारसीत औषध. आणि गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. आज मुलांना गोलंदाज म्हटले की बुमराह आठवतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत मात्र 'गोलंदाज' नावाची पलटणच होती. तिची एक कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली. तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी झाली आणि आजही भारतीय तोफखाना आपला दिवस त्याच तारखेला साजरा करतो.

मग १८५७ झाले. त्या उठावातून इंग्रजांनी काढलेले एक अनुमान पुढची पाऊणशे वर्षे टिकले: तोफ देशी माणसाच्या हाती द्यायची नाही. अपवाद मुख्यतः पहाडी बॅटऱ्यांचा. खेचरांच्या पाठीवर सुटे भाग लादून न्यायच्या या छोट्या तोफा सरहद्दीवरच्या डोंगरांत उपयोगी होत्या आणि त्या घेऊन कोणी दिल्ली जिंकणार नव्हते. बाकी मैदानी तोफा, जड तोफा, सगळ्या गोऱ्या गोलंदाजांकडे.

बंदुकीचेही तसेच. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री असताना देशी पलटणींकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफोर्ड मिळाली तेव्हा त्यांच्याकडची मार्टिनी देशी शिपायाच्या खांद्यावर आली. फरक फक्त नावाचा नव्हता. मार्टिनीत एका वेळी एकच काडतूस भरता येई, आणि काळ्या दारूचा धूर शिपाई कुठे लपला आहे ते शत्रूला सांगून टाकी. ली-मेटफोर्डला काडतुसांची पेटी होती आणि लवकरच तिला बिनधुराची कॉर्डाइट दारू मिळाली. म्हणजे अविश्वास कागदावर नव्हता, तो रोज शिपायाच्या हातात दिला जात होता. १९१४ साली लाहोर आणि मेरठच्या डिव्हिजन फ्रान्सला पोहोचल्या, तेव्हा मार्सेय बंदरात त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या. तिकडचे ०.३०३ चे काडतूस बदलले होते. बोथट टोकाच्या १३.९ ग्रॅमच्या गोळीऐवजी टोकदार, ११.३ ग्रॅमची, जास्त वेगाची. अनोळखी रायफल हातात घेऊन ती माणसे थेट खंदकात उतरली.

आता आपल्या माणसांकडे येऊ. महायुद्धाच्या सुरुवातीच्या मराठा पलटणींची रचना बघितली तर बहुतेकींत आठपैकी सहा कंपन्या मराठ्यांच्या आणि दोन 'दख्खनी मुसलमानांच्या' दिसतात. म्हणजे चौथा हिस्सा आपला. याच पलटणी सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमधून इराकला गेल्या. तिच्या तीन ब्रिगेडांची नावे पूना, अहमदनगर आणि बेळगाव. नोव्हेंबर १९१४ मध्ये फावला उतरलेली ही डिव्हिजन बगदादच्या वाटेवरून मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुतमध्ये वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी घोडे, खेचरे कापून खाल्ली गेली. विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली, ती पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी तोफा स्वतःच फोडून सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली.

समोर तुर्क होते. त्यांचा सुलतान म्हणजे खलिफा, आपल्याकडच्या अनेक मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात नाव घेतले जाणारा. वेढ्यात तुर्कांनी हिंदुस्थानी भाषांतली पत्रके पसरवून शिपायांना पलीकडे बोलावले. काही गेले, बहुतेक राहिले. याचा निष्ठेचा दाखला म्हणून उपयोग करणे मला पटत नाही. दाखला कोणाला द्यायचा, पंचम जॉर्जला? भुकेलेल्या माणसाने शेजारच्या मराठा शिपायाबरोबर एकाच खंदकात चार-पाच महिने काढले, एवढेच मला कळते आणि तेवढे मला पुरे आहे.

त्याच काळात, २५ एप्रिल १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या अँझॅक किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या तोफा देशी पहाडी बॅटऱ्यांच्या होत्या, कोहाट आणि जेकब्ज. नळी दोन तुकड्यांत, जागेवर पेच फिरवून जोडायची. गोळा दहा पौंडी, म्हणजे साडेचार किलोचा. चालवणारे पंजाबी मुसलमान आणि शीख. ऑस्ट्रेलियनांनी त्यांचे कौतुक केले. तरीही मैदानी तोफ देशी माणसाला मिळायला आणखी वीस वर्षे लागली. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूरला पहिली भारतीय फील्ड ब्रिगेड उभी राहिली. या साऱ्या काळात खडकीत काडतुसे भरणारे हात आपल्याच लोकांचे होते, हे ध्यानात घ्या. दारू हाताळायला चालत होते, तोफेला शिवायला नाही.

तोफखान्याची शाळा स्वातंत्र्याआधीच काकुलहून देवळालीला आली होती. १९५८ मध्ये पुण्यात शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई उभी राहिली. पिनाका रॉकेटे तिची, आणि १५५ मिलिमीटरची एटॅग्स तोफही. खडकीत बसलेली म्युनिशन्स इंडिया ही २०२१ ची नवी सरकारी कंपनी, जुना कारखाना आता तिच्याकडे. पाषाणच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही यातले फारसे ठाऊक नसते.

एक पिढी मागे ठेवण्याची सवय मात्र साहेबाबरोबर गेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात समोर एके-४७ होत्या आणि आपल्या पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या घडणीची, दर गोळीमागे खटका मागेपुढे ओढावा लागणारी. ज्यांच्याकडे तीही नव्हती, ते लाठी घेऊन उभे होते.