कढीपत्त्यावरचे बिऱ्हाड

आपल्या सोसायटीच्या जुन्या मिनिट बुकात लिफ्ट, गळती आणि टँकर यांच्या मध्ये एक छोटा ठराव आहे : बागेतील कढीपत्त्यावर अळ्या झाल्याने औषध फवारणी करणे. साल २००४. तेव्हा मी खजिनदार होतो. व्हाउचरवर सही माझीच.

त्या पावसाळ्यात झाडाचा आठवड्याभरात खराटा झाला होता. फोडणीला पाने मिळेनात, म्हणून वहिनी मंडळी कमिटीवर नाराज. फवारणी झाली, अळ्या टपटप खाली पडल्या. पुढे औषधाच्या भीतीने पंधरा दिवस कोणी पान तोडले नाही, ते वेगळेच!

अळ्या कसल्या, हे आम्ही कोणीच विचारले नाही. विचारणारे लोक पूर्वी होऊन गेले होते. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मीठ व जकात खात्यातले नोकर. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. पुढे कारवार भागात त्यांनी डेव्हिडसन आणि वनखात्यातले बेल यांच्याबरोबर अळ्या चक्क पाळल्या. कोणती अळी कोणते झाड खाते, तिच्यातून कोणते फुलपाखरू निघते, हे सारे लिहून ठेवले. तेही कचेरी सांभाळून! आम्ही बँकेत लेजर जुळवून घरी यायचो ते पाठ टेकायलाच.

निवृत्तीनंतर घोडबंदर रोडवर ओवळ्याला गेलो. तिथे क्रीडाशिक्षक राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग केली आहे. अळ्यांनी खावीत म्हणून मुद्दाम झाडे लावलेली! तिथे कळले, आपल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार. डिवचले की डोक्यामागून लाल शिंग काढून उग्र वास सोडणाऱ्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळी यांचीच नातलग. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पाने खातात. कढीपत्ताही त्याच कुळातला.

यंदा आपले झाड पुन्हा सोलले गेले. तक्रार आली. मी सेक्रेटरींना म्हटले, "तीन आठवडे थांबा, मग बोलू." तेवढ्यात नवी पालवी फुटली. माझ्या नातीला जिन्याच्या कठड्याखाली एक कोष सापडला. रोज शाळेतून आल्यावर आधी तिकडे धाव. एका सकाळी त्यातून काळे फुलपाखरू बाहेर आले. ती शाळेत होती. पाहायला मी एकटाच.

— एक जुना खजिनदार