खांद्याजवळ दबलेली शीर आणि रोबोटिक सर्जरी: पहिली बरगडी का काढतात?

जिममध्ये दाबून पुल-अप्स मारले आणि दुसऱ्या दिवशी एकच हात सुजला, निळसर पडला, जड वाटायला लागला. ‘मसल खेचला असेल’ म्हणून आपण बाम चोळतो. पण खांद्याजवळच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी असंच होतं. हात असा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हाताचे मज्जातंतू, धमनी आणि शीर जातात. तिथे यापैकी काही दाबलं गेलं की त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. बहुतेक पेशंट्समध्ये मज्जातंतू दबतात. मुंग्या येतात, पकड कमी होते. त्यांच्यासाठी आधी फिजिओथेरपीच. शीर दबली असेल तर गुठळी विरघळवतात, रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. पण हे म्हणजे अ‍ॅप रिस्टार्ट करण्यासारखं, बग तिथेच! म्हणून बऱ्याचदा पहिली बरगडी कापून जागा मोकळी करावी लागते. बेसबॉलपटू मॅट हार्वी याचं अशाच त्रासासाठी 2016 मध्ये ऑपरेशन झालं होतं.

जुन्या पद्धतीत काखेतून किंवा कॉलरबोनच्या वरून-खालून चीर देतात. जागा खोल आणि अरुंद, त्यात नाजूक मज्जातंतू बाजूला ओढून धरायचे. रोबोटिक पद्धतीत वाटच उलटी: छातीच्या आतून. त्या बाजूचं फुप्फुस तात्पुरतं बसवतात, बरगड्यांमधून छोटी छिद्रं पाडतात. दा विंची सिस्टीमची अवजारं साधारण 8 मिलिमीटर जाडीची असतात. आतून पाहिलं की पहिली बरगडी समोर छतासारखी दिसते आणि शीर, धमनी, मज्जातंतू तिच्या पलीकडे. म्हणजे त्यांना फार ओढाताण न करता हाड सोडवता येतं.

‘रोबो’ नावावर जाऊ नका, तो स्वतः काहीच ठरवत नाही. सर्जन कन्सोलवर बसून थ्रीडी चित्र बघत हात हलवतात. मशीन ती हालचाल लहान करून आत पोहोचवते आणि हाताची थरथर गाळून टाकते. जुन्या मॉडेल्समध्ये स्पर्शाचा जोर जाणवत नाही. 2024 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या दा विंची 5 मध्ये ती सोय आली.

खर्च जास्त आहे. मोठी रक्तवाहिनी फाटली तर लगेच छाती उघडावी लागू शकते. त्यामुळे मशीनचं मॉडेल विचारण्याआधी सर्जनना विचारा: नेमकं हेच ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय?