साराजेव्होची गोळी हे निमित्त, कारण शोधा!



शाळेच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाचे कारण विचारले की पोरं एका दमात सांगतात: २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून झाला आणि युद्ध पेटले. मार्क मिळतात, इतिहास मात्र हाती लागत नाही. एका खुनासाठी अख्खा युरोप चार वर्षे एकमेकांचे गळे कापतो का?

गोळी हे निमित्त होते. दारू आधीच ठासून भरलेली होती. १८८४-८५ मध्ये बर्लिनच्या परिषदेत युरोपच्या सत्तांनी आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवले. त्या टेबलाशी एकही आफ्रिकी माणूस नव्हता. उशिरा आलेल्या जर्मनीला आपला वाटा कमी वाटला. मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ मध्ये जर्मनी-फ्रान्समध्ये ठिणग्या उडाल्या. १८७१ मध्ये गमावलेला आल्सास-लोरेन फ्रान्सच्या मनात सलत होता. ब्रिटन आणि जर्मनी युद्धनौकांच्या शर्यतीत उतरले होते. एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. दुसरीकडे फ्रान्स, रशिया, ब्रिटन. एकाने पाऊल उचलले की बाकीचे ओढले जाणारच! (इटली ऐनवेळी बाजूला राहिली आणि १९१५ मध्ये उलट बाजूने लढली. म्हणजे करारापेक्षा स्वार्थ मोठा.)

आता कोणी म्हणेल, धानोऱ्यातल्या पोराला याचे काय? ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि भारत न विचारताच त्यात ओढला गेला. दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले. आणि आपला समाज? 'लढवय्या जाती'चा सिद्धांत काढून इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केले, पण दार उघडले नाही. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली. सिद्धांत खरा होता तर १९१७ मध्ये कुठे गेला होता?

त्याच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांच्या सामानाचे, पुस्तकांचे जहाज पाणबुडीने बुडवले. पुढे बडोद्यात जातीने त्यांना राहायला छप्परही मिळू दिले नाही. युरोपच्या युद्धाने पुस्तके नेली, इथल्या युद्धाने घर नेले.

तरी बाबासाहेबांनी या युद्धाकडे निव्वळ संताप म्हणून पाहिले नाही. १९१८ मध्ये त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर परीक्षण लिहिले. रसेल युद्धाचे मूळ माणसाच्या अंतःप्रेरणांत शोधतात आणि त्यांना वळण लावणाऱ्या संस्था बदलायला सांगतात. बाबासाहेबांनी भारतीय वाचकाला सावध केले: युद्धाला विरोध म्हणजे निष्क्रियतेचे समर्थन समजू नका. शक्ती विधायक कामाला लावणे वेगळे, तिचा हिंसेसाठी वापर करणे वेगळे. हातपाय गाळून बसलेला समाज वाढत नाही, मरतो.

मित्रहो, हा धडा आजचा आहे. वस्तीवर हल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते: 'किरकोळ वादातून मारहाण'. बांधावरून, मिरवणुकीवरून, डीजेवरच्या गाण्यावरून! ही सगळी साराजेव्होची गोळी आहे. दारू कोणी भरली? जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोणाच्या ताब्यात आहे, पोलीस पाटील कोणाच्या ओट्यावर बसतो, हे विचारा. फिर्याद लिहिताना जातीचा उल्लेख गाळू देऊ नका. निमित्तावर समझोता झाला तर कारण जागच्या जागी राहते आणि पुढच्या ठिणगीची वाट पाहते.

शिका. म्हणजे आधी नीट प्रश्न विचारायला शिका.

जय भीम!

धानोरा, जि. नंदुरबार